पाळणा कधी थांबतो?

आमची पहिली मुलगी चार वर्षांची आहे, आम्ही दोघेही नोकरी करतो आणि एकाच अपत्यावर थांबायचे ठरवले आहे. पण घरची वडीलधारी मंडळी 'अजून एक चान्स घ्या' हा आग्रह सोडत नाहीत, असे लिहून एका गृहस्थांनी विचारले आहे की, एक किंवा दोन मुलांच्या आजच्या काळात मुलगा हवा ही इच्छा कुटुंबाचा आकार खरोखर ठरवते का, की ती आता बोलण्यापुरतीच उरली आहे?

ती ठरवते, पण पूर्वीसारखी नाही. पूर्वी या इच्छेने कुटुंब वाढत असे. आता कुटुंब कुठे थांबवायचे हे ती ठरवते, आणि थांबण्याचा आकडा जसजसा खाली आला तसतसा तिचा सगळा भार एकेका बाळंतपणावर, त्यातही दुसऱ्या बाळंतपणावर, येऊन पडला. मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून सव्वीस वर्षे काम करते आहे. त्यांतली पहिली अकरा सांगली जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात गेली आणि नंतरची तालुक्याच्या गावी स्वतःच्या दवाखान्यात. लोक मुलगा हवा असे तोंडाने क्वचितच म्हणतात. 'आम्हाला काय, दोन्ही सारखेच' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते आता मला केसपेपरवरच्या छापील मजकुरासारखे वाटते. खरे उत्तर मिळते ते ऑपरेशनचा विषय निघाला म्हणजे.

दुसऱ्या खेपेचे सिझर ठरलेले असले की आम्ही नवव्या महिन्यातच विचारतो, कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया त्याच वेळी उरकून घ्यायची का? संमती आधी, शांतपणे, बाईला नीट समजावून घ्यायची असते; कळा सुरू असताना किंवा भूल दिल्यावर नाही. पहिला मुलगा असेल तर बाई बहुधा तिथेच सही करते, आणि सासू मागून म्हणते, 'करून टाका बाई, मोकळी होईल.' पहिली मुलगी असेल तर उत्तर येते, 'मुलगा झाला तर करा.' काही नातेवाईक तर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभे राहून सांगतात, 'आधी बाळ बघू, मग सांगतो.' अशी सशर्त संमती लिहायला फॉर्मवर जागा नसते. मला आठवते, एकदा बाळ पुसून नर्सताईंनी बाहेर नेऊन दाखवले आणि परत येऊन त्या काही न बोलता नुसती मान हलवून टेबलाच्या कडेला उभ्या राहिल्या. आत पोट उघडे होते आणि बाई पाठीतल्या भुलीमुळे शुद्धीवर होती. तिने छताकडे बघतच विचारले, 'नाही म्हणाले ना?' तिला मुलगी झाली हे तोवर कोणी सांगितलेलेही नव्हते.

नैसर्गिक बाळंतपणात हेच जरा वेगळ्या शब्दांत घडते. दुसऱ्या दिवशी वॉर्डात फेरी मारताना विचारावे, तर दोन मुली असलेली बाई सांगते, 'मला बिनटाक्याचं करायचंय, दीड महिन्यानं येते.' यात वैद्यकीयदृष्ट्या चूक काहीच नाही. बाळंतपणानंतर लगेच होते ते टाक्याचे, आणि दुर्बिणीचे म्हणजे बिनटाक्याचे करायला सहा आठवडे थांबावे लागते. त्यामुळे नकार न देता वेळ मागून घेण्याची ही फार सोयीची वाट आहे. ती बाई पुढे येते तेव्हा बहुतेक वेळा दीड वर्ष झालेले असते, आणि आलेली असते ती तिसऱ्या गरोदरपणाची नोंद करायला. सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार स्त्रीच्या नसबंदीला नवऱ्याची संमती लागत नाही. कागदावरचा हा नियम चांगला आहे. प्रत्यक्षात सासूची, जावेची आणि कधीकधी माहेरच्या भावाची संमती आल्याशिवाय पेनाचे टोपणही निघत नाही.

आता यामागचा हिशेब बघू, कारण तो समजला की गेल्या तीस-चाळीस वर्षांत नेमके काय बदलले हे कळते. निसर्गतः १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे प्रत्येक खेपेला मुलगी होण्याची शक्यता निम्म्याहून किंचित कमी असते. दोन मुली झाल्या म्हणून तिसऱ्या वेळी मुलाची शक्यता वाढत नाही. ती जितकी पहिल्या खेपेला होती तितकीच राहते. या हिशेबाने पाच बाळंतपणे झालेल्या घरांपैकी जेमतेम ३ टक्के घरांत एकही मुलगा नसणार. चार खेपांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आत, तीन खेपांत साधारण १२ टक्के, आणि दोन खेपांत जवळजवळ २४ टक्के. आपल्या आजीच्या पिढीला मुलासाठी वेगळे काही करावेच लागत नव्हते, पाच-सहा बाळंतपणांत तो आपोआप येत होता. (त्यातली एकदोन मुले वर्षाच्या आत दगावत, हेही त्या हिशेबात धरलेले असे.) नातीने दोनवर थांबायचे ठरवले की इच्छा तीच राहूनही चारातले एक घर मुलाविना राहणार. ज्या घराला हे मान्य नाही त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात, आकडा वाढवणे किंवा निसर्गाच्या कामात हात घालणे.

महाराष्ट्राने आकडा फारसा वाढवला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्याचा एकूण जननदर १.७ आला, म्हणजे सरासरीने बाईमागे दोनापेक्षाही कमी मुले. आणि तरीही सहा वर्षांखालील मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. कुटुंब लहान होणे आणि मुली कमी होणे या दोन गोष्टी एकाच काळात, एकाच जिल्ह्यांत घडल्या. २००१ साली सर्वांत वाईट आकडे कोल्हापूर (८३९) आणि सांगली (८५१) या जिल्ह्यांचे होते, जिथे पाणी होते, ऊस होता, साखर कारखाने होते, शाळा होत्या, आणि छोट्या कुटुंबाची कल्पनाही इतरांच्या आधी रुजली होती. दहा वर्षांनी ही घसरण मराठवाड्यात पोचली आणि बीड ८९४ वरून ८०७ वर आले. अडाणीपणामुळे किंवा गरिबीमुळे हे घडते असे मानणाऱ्यांनी हे जिल्हे नकाशावर शोधून बघावेत.

यातही पहिल्या अपत्याच्या बाबतीत निसर्गात ढवळाढवळ फारशी होत नाही. ती होते दुसऱ्या खेपेला, आणि तीही पहिली मुलगी असेल तर. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशभरातील जन्मांच्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले. पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या खेपेला जन्मणाऱ्या मुलींचे प्रमाण १९९० मध्ये हजार मुलग्यांमागे ९०६ होते, ते २००५ मध्ये ८३६ वर आले. पहिला मुलगा असलेल्या घरांत मात्र अशी घट आढळली नाही. म्हणजे तुमच्या घरात आज जो प्रसंग आहे, पहिली मुलगी आणि दुसऱ्या 'चान्स'चा आग्रह, नेमका तोच देशाच्या आकडेवारीतला सर्वांत नाजूक सांधा आहे.

गर्भलिंगनिदान न करणारे घरही या इच्छेतून सुटलेले नसते, आणि याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. समजा, हजार जोडप्यांनी फक्त एवढाच नियम पाळला की मुलगा झाला की थांबायचे आणि तिसऱ्या खेपेनंतर काहीही झाले तरी थांबायचे. पहिल्या खेपेला ५१२ मुलगे आणि ४८८ मुली होतील. त्या ४८८ घरांत पुढच्या खेपेला सुमारे २५० मुलगे आणि २३८ मुली, आणि उरलेल्या २३८ घरांत १२२ मुलगे आणि ११६ मुली. बेरीज केली तर ८८४ मुलगे आणि ८४२ मुली, म्हणजे हजाराला ९५२. प्रमाण अगदी नैसर्गिक आले, आणि जनगणनेला यात खटकण्याजोगे काही दिसणार नाही. पण या घरांत डोकावून पाहा. एकुलते एक असलेले प्रत्येक मूल मुलगा आहे. एकही मुलगी एकटी नाही, आणि दोन बहिणींच्या पाठीवर आलेला भाऊ हा तिसऱ्या वाट्याचा दूध-दप्तर-दवाखाना घेऊन आलेला आहे. हिशेब मुद्दाम टोकाचा घेतला, पण भारताच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने शेवटच्या अपत्याकडे बघून हीच गोष्ट दाखवली. ज्या जोडप्यांचे पहिलेच अपत्य शेवटचे ठरले, त्यांच्यात एका मुलीमागे १.८२ मुलगे आढळले. निसर्गाप्रमाणे ते १.०५ असायला हवे होते. मुलगा झाल्यावर थांबणे सोपे जाते आणि मुलगी झाल्यावर जड जाते, एवढाच या आकड्याचा अर्थ आहे. पाहणीने अशा वाट पाहण्यात जन्मलेल्या मुलींना 'नकोशा' म्हटले आणि त्यांची संख्या २ कोटी १० लाख अंदाजली.

सातारकरांना हा शब्द नवा नव्हता. तिसरी-चौथी मुलगी झाली की तिचे नावच नकुशी किंवा नकोशी ठेवायचे, म्हणजे देवाला निरोप पोचतो आणि पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी समजूत त्या भागात होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने शोध घेऊन अशा पावणेतीनशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलली. काम चांगलेच झाले. पण त्या नावाचा अर्थ आपण नीट वाचत नाही असे मला वाटते. ते नाव मुलीच्या तिरस्कारापेक्षा आईबापांच्या दमणुकीतून आलेले होते. आता पुरे, आता तरी थांबू दे, अशी ती विनवणी होती.

या वाट पाहण्याचा शरीरावर काय परिणाम होतो हे माझ्या टेबलावर येणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डांवरून वाचता येते. पहिला मुलगा असेल तर पुढचे मूल तीन-चार वर्षांनी. मधल्या काळात तांबी बसवलेली किंवा अंतराचे इंजेक्शन घेतलेले. पहिल्या दोन मुली असतील तर मधले अंतर दीड वर्ष, कधी चौदा महिने. लवकर दिवस राहावेत म्हणून अंगावरचे दूध तोडायचे, आणि तोडले जाते ते अर्थात मुलीचे. एक बाई पाठीला पाठ लावून आलेल्या तीन मुली आणि हिमोग्लोबिन ७ घेऊन चौथ्या खेपेला आली होती. मोठी मुलगी सहा वर्षांची. धाकटीला कडेवर घेऊन ती दवाखान्याच्या पायरीवर बसली होती आणि मधलीला बिस्किटाचा पुडा उघडून देत होती. आईला आत बोलावल्यावर ती पोर आपणहून उठली आणि पाण्याची बाटली भरायला गेली. चौथ्या खेपेला मुलगा झाला आणि त्याच दिवशी ऑपरेशनचा फॉर्म भरला गेला. बाईचे वय तेव्हा सव्वीस होते. महाराष्ट्रातल्या सुमारे निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली असते आणि पुरुषांची एक टक्काही नसते. या आकड्याकडे आपण कुटुंब नियोजनाचे यश म्हणून बघतो, पण त्यातल्या अनेक शस्त्रक्रियांची तारीख बाईच्या प्रकृतीने ठरवलेली नसते, मुलाच्या जन्माने ठरवलेली असते.

कायद्यांविषयी थोडक्यात सांगते. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ पासून त्यात गर्भधारणेपूर्वीची निवडही आली. त्यात एक चांगली तरतूद अशी की गर्भवतीवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी बळजबरी केली असावी असे न्यायालय गृहीत धरते. कायदा हवाच, आणि त्याने धाक बसला हेही खरे. पण तो सोनोग्राफीच्या खोलीवर पहारा देतो. घरातल्या बैठकीच्या खोलीत काय ठरते यावर त्याचा इलाज नाही. शिवाय त्या धाकाचा एक उलटा परिणाम मी जवळून पाहिला. गर्भपात आपल्याकडे १९७१ पासून ठरावीक अटींवर कायदेशीर आहे, तरी दोन मुली असलेली बाई साध्या, सात आठवड्यांच्या नको असलेल्या गरोदरपणासाठी आली तरी काही दवाखाने तिला दारातूनच परत पाठवू लागले, कारण तिच्या दोन मुली हाच तिच्यावरचा संशय ठरला. सात आठवड्यांत सोनोग्राफीत लिंग दिसत नाही हे त्या डॉक्टरांना माहीत नसते असे थोडेच आहे?

दोन अपत्यांच्या सक्तीबद्दल माझे मत तितकेसे सरकारी नाही. आपल्याकडे १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाल्यास ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला अपात्रता येते, आणि २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही छोट्या कुटुंबाची अट आली. आकड्याला टोपण लावले, पण आतल्या इच्छेला हात लावला नाही. वर सांगितलेला हिशेब लक्षात घेतला तर अशा टोपणाने दुसऱ्या खेपेवरचा दाब वाढणारच. मुलींसाठीच्या योजनांचे थोडे वेगळे आहे. आधी 'माझी कन्या भाग्यश्री' होती, आता १ एप्रिल २०२३ पासूनची 'लेक लाडकी' आहे, जीत पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरातील मुलीला टप्प्याटप्प्याने मिळून १ लाख १ हजार रुपये मिळतात, त्यातले ७५ हजार अठराव्या वर्षी. इतक्या लांबच्या पैशाने कोणी मुलावरची आशा सोडली असे मी पाहिलेले नाही. पण या योजनांना शस्त्रक्रियेचा दाखला लागतो, आणि दोन मुलींवर थांबायचे मनात असलेल्या सुनांना तेवढे निमित्त पुरते. 'फॉर्म भरायचाय, दाखला नसला तर पैसे जातील' असे सासूला सांगून ऑपरेशन करून गेलेल्या तीन-चार जणी मला चांगल्या आठवतात. ज्याने योजना आखली त्याने हा उपयोग कल्पिलाही नसेल.

इच्छेचे मूळ कुठे आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. जमीन, म्हातारपण आणि 'मुलीच्या घरी जाऊन राहायचं कसं' हा संकोच. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलग्यांइतका हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये. तरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही करायला आलेल्या बहिणी अजून दिसतात, आणि सही न करणारीला माहेर तुटते. शहरात जमिनीचा प्रश्न नसतो, पण डोहाळजेवणात झाकलेल्या दोन वाट्या पुढे येतात. पेढा निघाला की टाळ्या, बर्फी निघाली की 'असू दे, लक्ष्मी आली'. त्या 'असू दे'मधून सगळे बोलून होते.

तरीही बदल होतो आहे, आणि तो मी वॉर्डातच बघते. वर सांगितलेल्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दोन मुली असून मुलगा नसलेल्या देशभरातील सुमारे ६५ टक्के विवाहित स्त्रियांनी आणखी मूल नको असे सांगितले. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत दोन मुलींवर ऑपरेशन करणारी बाई आली की नर्सताई एकमेकींना सांगत असत. आता कोणी मान वर करून बघत नाही.

तुमच्या घरापुरते बोलायचे, तर दुसऱ्या मुलाचा विचार करणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी तांबी काढण्यापूर्वी एकच विचारते: दुसरीही मुलगीच आहे असे धरून चला, मग मूल हवे आहे का? दोघांनी वेगवेगळे उत्तर दिले तर मी तांबी काढायची घाई करत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा या म्हणते. तुम्ही दोघांनी आधीच एकावर थांबायचे ठरवले असेल, तर हा प्रश्न तुमच्यासाठी मिटलेला आहे. उरतो तो घरच्यांना सांगण्याचा, आणि ते तुम्ही आपल्या आईवडिलांना स्वतः, पत्नी समोर नसताना, एकदाच स्पष्ट सांगावे. पत्नीकडून ते वदवून घेतले की तिच्या नावावर कायमचे बोल लागतात. घाईने कायमची शस्त्रक्रिया करण्याची गरज नाही. तांबी दहा वर्षे चालते आणि विचार बदलला तर काढता येते. पण निर्णय पक्का असेल आणि मुलगी धडधाकट असेल, तर पुरुषाची बिनटाका नसबंदी दहा-पंधरा मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी जाता येते, दोन दिवस विश्रांती घ्यायची आणि आठवडाभर जड उचलायचे नाही. ती लगेच लागू होत नाही, तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्यतपासणी करून घ्यायची. ती तपासणी करायला मात्र विसरू नका, बरेच जण विसरतात.